वीस वर्षं उभी असलेली बीटल घेण्याआधी

पत्र: "1970 सालची फोक्सवॅगन बीटल घ्यायचा विचार आहे. गाडीचे मालक असलेले काका ऐंशीच्या घरातले आहेत. गेली वीस वर्षं गाडी बंद गॅरेजमध्ये, कापडाखाली उभी आहे. मीटरवर फक्त 31,400 किलोमीटर दिसतात. काका दर महिन्याला न चुकता दहा मिनिटं इंजिन चालू करून ठेवतात, रस्त्यावर मात्र वर्षातून एखाद-दोनदाच काढतात. रंग अगदी आरशासारखा आहे. एवढी कमी चाललेली गाडी मिळणं म्हणजे नशीब, असं माझा भाऊ म्हणतो. मला गाड्यांतलं फारसं कळत नाही. बघायला जाईन तेव्हा नेमकं काय बघू? इतक्या मायेने गाडी सांभाळणाऱ्या माणसासमोर तिच्याखाली शिरून तपासणी केली तर त्यांना वाईट वाटेल का? माझं घर तिथून चाळीस किलोमीटरवर आहे. काका म्हणतात, चालवतच घेऊन जा."

तुमच्या भावाला ज्या गोष्टीचा आनंद झाला, नेमकं तिथेच मी थबकलो. चालती गाडी झिजते, पण ती झीज कळते. आवाज येतो, धूर येतो, गिअर अडखळतो. उभी गाडी मात्र आतल्या आत खराब होत राहते आणि वरून काहीच दिसत नाही. वीस वर्षांत रबर कडक होतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजवतं आणि ऑइल सील सुकून आखडतात. यातलं काहीही मीटरवर दिसत नाही. तेव्हा काकांना पहिला प्रश्न "किती चालली?" हा नको, "काय काय बदललं आणि कधी?" हा विचारा. ब्रेकचे रबरी पाइप, पेट्रोलचे पाइप, टायर आणि बॅटरी यांची बिलं असतील तर ती बघायला मागा. चकचकीत रंगापेक्षा अशा चार बिलांवर मी जास्त भरवसा ठेवीन.

आता त्या दहा मिनिटांबद्दल. काका हे गाडीच्या काळजीपोटीच करत आलेत, यात मला शंका नाही. पण एक लिटर पेट्रोल जळलं की ढोबळमानाने तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. इंजिन नीट तापलं तर ही वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. दहा मिनिटांत जागच्या जागी इंजिन तेवढं तापत नाही, आणि वाफेचं पाणी होऊन ते सायलेन्सरमध्ये आणि इंजिनच्या पोटात साचतं. एवढी वर्षं दर महिन्याला हेच होत आलं असणार. बीटलमध्ये याची खूण बघायला फार सोपी आहे. तिचं इंजिन मागे असतं. मागचं झाकण उघडा, ऑइल भरायच्या तोंडाची टोपी काढा आणि उलटी करून बघा. आतल्या बाजूला पिवळट पांढरी, लोण्यासारखी साय धरली असेल तर ते ऑइलमध्ये घुसळलेलं पाणी. पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत अशी साय दिसली की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी, गेल्याची भीती असते. बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं, त्यात पाणी भरलेलंच नसतं, म्हणून घाबरून परत फिरू नका. पण ही साय दिसली तर गाडी कधी पुरेशी तापलीच नाही हे पक्कं समजा. डिपस्टिकचं, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं, ऑइल बोटावर घेऊन दोन बोटांत चोळा. तेही दुधाळ असेल तर आत गंज धरला आहे का हे मेकॅनिककडून बघून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जायच्या आदल्या दिवशी काकांना फोन करून एवढंच सांगा: "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, मला थंड इंजिन बघायचंय." पोचल्यावर आधी इंजिनला हात लावून बघा. गार इंजिन कसं सुरू होतं, यावरून खूप काही कळतं. सोबत एक चांगला टॉर्च, छोटा आरसा, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आणि मळले तरी चालतील असे कपडे घ्या. ट्रॉली जॅक आणि खाली लावायचे दोन स्टँड कुणाकडून मिळत असतील तर तेही न्या. बीटल ओळखणारा मेकॅनिक बरोबर येत असेल तर त्याच्या दिवसाचे पैसे द्या, ते वाया जात नाहीत.

बघायला सुरुवात पत्र्यापासून करा, इंजिनपासून नाही. बीटलचं इंजिन चार बोल्टांवर गाडीला धरलेलं असतं. सराईत माणूस ते काढून, दुरुस्त करून परत बसवतो, आणि सुटे भागही मिळतात. गंजलेल्या सांगाड्याचं तसं नाही. तो कापावा लागतो, नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो, आणि तिथे खर्चाचा अंदाज कुणीच आधी नीट सांगू शकत नाही.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, दाराखाली जो पोकळ उंबरा असतो, तो या गाडीचा सगळ्यात नाजूक भाग. त्यातूनच हीटरची गरम हवा केबिनमध्ये येते, आणि गाडीची बॉडीही त्याच्याच आधाराने ताठ उभी असते. तो बाहेरून रंगवलेला आणि आतून पोखरलेला असू शकतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने त्यावर पुढून मागे हळूहळू ठोकत जा. शाबूत पत्रा टणटणतो. गंजलेला किंवा लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा) भरलेला भाग बद्द आवाज देतो, आणि तो बदल एकदा कानाला कळला की मग चुकत नाही. जिथे बद्द वाजेल तिथे कापडातलं लोहचुंबक टेकवा. लांबीच्या जाड थरावर ते धरत नाही. मग दार अर्धं उघडून खालून वर उचला. बिजागरी ढिली असेल तर दार डुगडुगेल, ते चालण्यासारखं आहे. पण दार बंद केल्यावर त्याच्या भोवतीची फट वर एवढी आणि खाली तेवढी दिसत असेल तर उंबरा बसला असण्याचा संभव मोठा.

आता मागची सीट उचला. बीटलची बॅटरी सीटखाली उजव्या बाजूला असते, आणि तिच्यातून पाझरलेल्या आम्लाने खालचा पत्रा चाळणी झालेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्यात. बॅटरी बाजूला करायला सांगा, नुसतं वरून डोकावू नका. त्या जागी ताजा काळा रंग किंवा जाड डांबरी थर दिसला तर तो कशासाठी लावला ते विचारा. बॅटरीवर झाकण आहे का तेही बघा. नसेल तर मागे कुणी जड माणूस बसल्यावर सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकून ठिणगी पडू शकते. पायाखालचं मॅटिंग पण चारी कोपऱ्यांत उचला आणि तळहात दाबून धरा. ओल लागली तर काचांची रबरं गेलीत. गॅरेजमध्ये वीस वर्षं असलेल्या गाडीत ओल सापडली तर पाणी कुठून आलं, हे शोधल्याशिवाय उठू नका. पुढची डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्याखालचा पत्राही बघा.

सीटखालीच, मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर, चेसिस नंबर कोरलेला असतो. तो कागदपत्रांशी एकेक आकडा जुळवून बघा. त्या काळातल्या बीटलच्या नंबरातला तिसरा आकडा मॉडेलचं साल सांगतो: 1970 च्या मॉडेलला तिथे 0 असतं. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष आदल्या ऑगस्टपासून सुरू व्हायचं, त्यामुळे 1970 च्या उत्तरार्धात बनलेल्या गाडीवर 1 असला तर तो काही घोटाळा नव्हे. मात्र तिथे 6 किंवा 8 निघाला, तर सांगितलेली कहाणी आणि समोरची गाडी वेगळ्या आहेत. इंजिनचा नंबर मागे, वीज तयार करणाऱ्या डायनॅमोच्या बैठकीखाली, क्रँककेसवर म्हणजे इंजिनच्या कवचावर असतो. इंजिन बदललेलं असलं तर त्यात गैर काही नाही, पण ते तुम्हाला आधी कळायला हवं आणि किमतीतही दिसायला हवं.

त्या 31,400 वर फार विसंबू नका. या गाड्यांच्या मीटरला किलोमीटरचे पाचच आकडे असतात. 99,999 नंतर ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं. गाडी 31,400 चालली की 1,31,400, हे मीटर सांगत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलची रबरं, स्टिअरिंगची झीज, ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग, दाराची बिजागरी हे सगळं एकत्र बघितलं की अंदाज येतो. पॅडलचं रबर गुळगुळीत होऊन कोपऱ्याला लोखंड दिसत असेल, तर ती एकतीस हजाराची गाडी नाही.

मग इंजिन. सुरू करण्याआधी तीन गोष्टी. पहिली पेट्रोल पाइपची. पेट्रोल पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारे, कापडी विणीचे रबरी पाइप बोटांत धरून हलकेच वाकवा. कडकपणा जाणवला, वीण विस्कटलेली दिसली किंवा बोटाला पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांबा, गाडी चालू करू नका. या इंजिनात पेट्रोल गळलं तर ते ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आणि डायनॅमोच्या अंगावर पडतं. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, आणि ती एकदा पेटली की विझवणं फार अवघड. बीटल जळून गेल्याच्या ज्या गोष्टी तुम्ही ऐकाल, त्यात हा पाइप बहुतेक वेळा असतोच. बदलायला मात्र तासभरही लागत नाही.

दुसरी गोष्ट कुणी सहसा बघत नाही. इंजिनवर जो मोठा पत्र्याचा घुमट दिसतो, त्यात पंखा असतो आणि तोच सिलिंडरवर हवा फेकतो. उभ्या गाडीत उंदरांना घरटं करायला याहून उबदार, अंधारी जागा दुसरी नाही. घुमटाच्या मागे पंख्याची गोल खिडकी असते. आरसा आणि टॉर्च घेऊन तिथून आत बघा. कापूस, गवत, कागदाचे तुकडे दिसले तर त्या बाजूच्या सिलिंडरला हवा मिळणार नाही, आणि तसं इंजिन पळवलं तर ते भाजून निघेल. गॅरेजच्या कोपऱ्यात उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर वायरिंगही कुरतडलेलं आहे का ते बघा. तिसरी गोष्ट फॅन बेल्ट. तो तडकलेला नको. बीटलमध्ये पंखा आणि डायनॅमो त्या एकाच पट्ट्यावर चालतात, त्यामुळे पट्टा तुटला की इंजिन थंड होणंच थांबतं.

इंजिन बंद असतानाच खालची मोठी पुली (फॅन बेल्ट फिरवणारं चाक) दोन्ही हातांनी धरा आणि सरळ आत ढकला, मग बाहेर ओढा. फिरवायची नाही, नुसती आत-बाहेर. नव्या इंजिनात ही हालचाल 0.07 ते 0.13 मिलिमीटर असते, म्हणजे हाताला जवळजवळ कळतच नाही, आणि 0.15 च्या पुढे गेली की इंजिन खोलायची वेळ आली. तुम्हाला मापाचं यंत्र लागणार नाही. पुली ढकलल्यावर "टक्" असा आवाज स्पष्ट ऐकू आला, तर किंमत ठरवताना पूर्ण इंजिन कामाचा खर्च धरा.

इंजिन सुरू झाल्यावर निळसर धूर थोडा वेळ आला आणि गेला, तर सुकलेले सील किंवा सिलिंडरमध्ये उतरलेलं ऑइल असू शकतं. सपाट, आडव्या इंजिनात ते नेहमीचं आहे. धूर गेलाच नाही तर मेकॅनिकला चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला सांगा. आकडा किती आहे यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर कारण शोधावंच लागेल. तिसऱ्या नंबरचा सिलिंडर मुद्दाम विचारा. ऑइल कूलर त्याच्या वाटेतली हवा अडवतो म्हणून तो जास्त तापतो, आणि त्याचाच व्हॉल्व्ह आधी जातो.

ब्रेकवर मात्र मला थोडं थांबायचंय, कारण हे मी स्वतः भोगलंय. बरीच वर्षं उभी असलेली एक गाडी मी घेतली होती. पॅडल छान कडक होतं, गॅरेजच्या बाहेर दोन फेऱ्या मारल्या तर गाडी सरळ थांबत होती. चारेक किलोमीटरवर गेल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली, मग जळका वास आला. उतरून बघतो तर पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम इतका तापलेला की हात जवळ नेववेना. ब्रेकचा रबरी पाइप बाहेरून नव्यासारखा होता, पण आतून फुगून अरुंद झाला होता. पॅडलच्या दाबाने ऑइल पुढे जायचं, दाब सोडला की परत यायचं नाही. वरून कितीही निरखलं असतं तरी ते दिसलं नसतं. तेव्हापासून उभ्या गाडीचे ब्रेक पाइप मी तपासत बसत नाही, सरळ बदलतो.

तुम्हीही तेच गृहीत धरा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं असताना निदान 230 अंश सेल्सियसला उकळायला हवं, आणि पाणी मुरल्यावर तीच हमी 155 वर येते. शिवाय त्या पाण्याने चाकांमधले ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर आतून गंजतात. पॅडल पायाने दाबून मिनिटभर धरून ठेवा. हळूहळू खाली बसत गेलं तर पॅडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर गेला. गाडी न्यूट्रलमध्ये, सपाट जागी एका माणसाने ढकलता आली पाहिजे. जड वाटली तर कुठलं तरी चाक धरतंय. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या जड चाकाला, चिकटलेली असू शकते.

टायरची नक्षी बघू नका, तारीख बघा. बाजूच्या भिंतीवर डॉट (DOT) अक्षरांच्या रांगेत शेवटी चार आकडे असतात. 2304 म्हणजे 2004 सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा. नक्षी नव्यासारखी असली तरी अशा टायरवर रस्त्यावर जाऊ नका, अगदी चाचणीच्या फेरीलाही नाही.

हे सगळं ठीक निघालं, तरच फेरी. निदान अर्धा तास फिरवा, म्हणजे इंजिन खरोखर तापेल. थोडा वेळ हीटर चालू करून वास घ्या. बीटलमध्ये केबिनची गरम हवा सायलेन्सरच्या पाइपाभोवतीच तापते, आणि तिथला पत्रा गंजून फुटला असेल तर विषारी धूर थेट आत येतो. म्हणून खिडकी उघडी ठेवूनच बघा. दुसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन पाय उचला आणि गिअर आपोआप निसटतो का ते पाहा. तापलेलं इंजिन जागच्या जागी चालू असताना ऑइलचा दिवा सतत लागत असेल तर बेअरिंग झिजले असण्याचा संभव मोठा. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर कारण आता तुम्हाला माहीत आहे.

चालवत न्यायच्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: "नाही." गाडी कितीही गोड वाटली तरी ट्रेलरवर घाला. घरी आणल्यावर ऑइल, ब्रेक ऑइल, ब्रेकचे आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप, टायर आणि फॅन बेल्ट बदला, टाकी काढून धुऊन घ्या, आणि मगच ती रस्त्यावर काढा. या सगळ्याचा खर्च गाडीच्या किमतीचाच भाग आहे. काकांशी बोलताना तो कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा, म्हणजे घासाघीस करतोय असं त्यांनाही वाटणार नाही. सुट्या भागांची चिंता नको. मेक्सिकोत पुएब्ला इथे शेवटची जुनी बीटल 30 जुलै 2003 ला तयार झाली, तोवर एकूण 2,15,29,464 बनल्या होत्या. त्यामुळे भाग अजून मिळतात. आणि त्याच कारणाने, उंबरा पोखरलेला निघाला तर मन घट्ट करून परत या. दुसरी नक्की मिळेल.

राहता राहिला काकांच्या मनाचा प्रश्न. गाडीखाली शिरण्याआधी त्यांना मोकळेपणाने सांगा की गाडी तुम्हाला चालती ठेवायची आहे, आणि त्यासाठी ती नीट समजून घ्यायचीय. ज्यांनी इतकी वर्षं सांभाळलीय त्यांना याचा राग येत नाही, बहुतेक वेळा तेच टॉर्च हातात घेऊन खाली वाकतात. आणि चाचणीच्या फेरीची पहिली दहा मिनिटं काकांनाच चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. कुठला गिअर हलकेच टाकतात, कुठल्या वळणावर ब्रेक आधीच दाबतात, हे बघत राहा. एखादा गिअर टाकताना त्यांचा हात थबकला, तर का थबकला ते तिथेच विचारा.